कापसाच्या बोंडाचा जमाखर्च

दिवाळी आटोपली की आमच्या कळंबच्या रस्त्यावर कापसाची वर्दळ सुरू होते. पूर्वी बंड्या असत, आता बहुधा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात. त्या गेल्या की रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लोंबत राहतात. ते पुंजके पाहिले की मला माझी आजी आठवते. चिंतामणीपुढे लावायच्या वाती ती घरीच करी. पाटावर कापूस पसरायचा, त्यावरून लोखंडी सळई दाबून फिरवायची आणि सरकी अलग करायची, हा तिचा दुपारचा उद्योग असे.

गेल्या हंगामात हाच प्रयोग मी वर्गात केला. प्रत्येकाला ओंजळभर कापूस दिला आणि हाताने सरकी काढायला सांगितले. तास संपला तेव्हा प्रत्येकापुढे जेमतेम मूठभर रुई जमली होती आणि बोटे मात्र दुखत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही जिनिंग पाहायला गेलो. तेथे तेवढी रुई डोळ्याची पापणी लवते न लवते तोच बाहेर पडत होती. मुले खूश झाली. परतताना मी सांगितले, की परदेशात कापूस वेचायलाही यंत्रे आहेत. त्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, थे मशीन आपल्या इकडे आली त माही माय काय करन?"

त्याची आई दरवर्षी वेचणीला जाते. त्या प्रश्नाचे उत्तर मला तेथल्या तेथे देता आले नाही. विद्यार्थिमित्रहो, तंत्रज्ञानाने देश श्रीमंत होतो, असे आपण पुस्तकात वाचतो आणि ते खरेही आहे. परंतु जमेची बाजू लिहिताना खर्चाची बाजूही लिहावी लागते. आज आपण आपल्याच शिवारातल्या बोंडाचा असा जमाखर्च मांडून पाहू.

सरकी आणि रुई

झाडावरून वेचतो तो कापूस म्हणजे रुई आणि सरकी यांची जोडी. एक क्विंटल कापसातून साधारणपणे ३४ ते ३५ किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी असते. रुईची एक गाठ १७० किलोंची धरतात. म्हणजे एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो.

सरकी काढण्याचे आपल्याकडचे जुने साधन म्हणजे हाताने फिरवायची चरकी. हिलाच काही ठिकाणी रेचा म्हणतात. तिच्यात एकमेकींना टेकलेले दोन रूळ उलटसुलट दिशांनी फिरतात. घर्षणामुळे रुईचे तंतू रुळांमध्ये ओढले जातात. सरकी जाड असल्यामुळे ती त्या फटीतून जाऊ शकत नाही आणि अलीकडेच गळून पडते. किती साधी युक्ती! आजच्या जिनिंगमधल्या दुहेरी रुळांच्या यंत्रातही तत्त्व तेच आहे. चामड्याचे आवरण असलेला रूळ रुई ओढतो, एक स्थिर सुरी सरकीला अडवते आणि दुसरी हलती सुरी तिला ठोसे देऊन मोकळी करते.

अमेरिकेत मात्र आखूड धाग्याचा कापूस पिके आणि त्याची रुई सरकीला घट्ट चिकटलेली असे. चरकीला ती दाद देत नसे. १७९३ साली एली व्हिटनी याने करवतीसारखे दाते असलेले यंत्र बनवले. दाते रुई पकडून अरुंद फटींतून खेचत आणि सरकी मागे राही. एका माणसाच्या हातून दिवसाला सुमारे एक पौंड रुई निघे, ती आता पन्नास पौंड निघू लागली, असे सांगतात.

सोळा वर्षांचे काम एका महिन्यात

याच सुमारास इंग्लंडमध्ये सूतकताईची यंत्रे निघाली होती. हारग्रीव्ह्जचे जेनी, आर्कराइटचे पाण्यावर चालणारे यंत्र आणि १७७९ मधले क्रॉम्प्टनचे म्यूल ही नावे तुम्ही इतिहासात वाचली असतील. त्यांनी काय साधले, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल.

१०० पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो कापसाचे सूत काढायला आपल्याकडच्या हातकताईला सुमारे ५०,००० तास लागत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. रोज १० तास आणि वर्षाला ३०० दिवस काम धरले, तर एका बाईची सोळा वर्षांहून अधिक मेहनत! १७९५ च्या सुमारास शक्तीवर चालणाऱ्या म्यूलवर तेच काम ३०० तासांत, म्हणजे एका महिन्यात होऊ लागले. १८२५ च्या स्वयंचलित यंत्राने ते १३५ तासांवर आणले.

कष्ट घटले की किंमत घटते. इंग्लंडमध्ये शंभर नंबरचे बारीक सूत १७८६ साली ३८ शिलिंग पौंड होते. १८०७ साली ते सात शिलिंगांच्या आत आले. ज्या घरात वर्षाला एक अंगरखा शिवणे जड जाई, त्या घराला दोन परवडू लागले. धुवायला सोपा आणि स्वस्त सुती कपडा गोरगरिबांच्या अंगावर आला. ही जमेची बाजू फार मोठी आहे. ती नाकारणे म्हणजे डोळे मिटून घेणे होईल.

खर्च कोणाच्या नावावर?

आता वहीचे दुसरे पान उलटू या. व्हिटनीच्या यंत्राने सरकी काढणे सोपे झाले, पण कापूस पेरायला आणि वेचायला माणसेच लागत होती. रुईची मागणी वाढली तशी अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाची लागवड पसरली आणि तिच्याबरोबर गुलामगिरीही पसरली. १७९० मध्ये त्या देशात सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये त्यांची संख्या ४० लाखांच्या घरात गेली. कष्ट वाचवणाऱ्या यंत्राने इतरांचे कष्ट असे वाढवले!

आपल्याकडे काय झाले? गावोगावी सूत कातणाऱ्या बाया होत्या. त्यांच्या चरख्याची गाठ आता वाफेच्या इंजिनाशी पडली. पॉल बेरॉक या अर्थशास्त्रीय इतिहासकाराच्या अंदाजानुसार १७५० साली जगातल्या एकूण कारखानी व हस्तोद्योगाच्या मालापैकी सुमारे एक चतुर्थांश माल हिंदुस्थानात होत असे. १९०० साली तो वाटा दोन टक्क्यांच्याही खाली गेला. याचे सगळे खापर यंत्रावर फोडता येणार नाही. राज्य परक्यांचे होते आणि जकातीचे नियम त्यांच्या सोयीने ठरत. शिवाय इतर देशांचे उत्पादन फार वेगाने वाढले, म्हणूनही आपला वाटा लहान दिसतो. तथापि एकाच शोधाची जमा एका देशाच्या वहीत आणि खर्च दुसऱ्याच्या वहीत, ही गोष्ट त्यातून दिसतेच.

वऱ्हाडात आलेली आगगाडी

हा जमाखर्च आपल्या दारात आला तो १८६१ मध्ये. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्या वऱ्हाड-नागपूरच्या कापसाकडे वळल्या. भाव कडाडले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. आमच्या शेतकऱ्याने बहुधा पहिल्यांदाच हा धडा घेतला, की आपल्या शेतातल्या बोंडाचा भाव समुद्रापलीकडे ठरतो.

रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अरुंद रुळांचा मार्ग झाला, तो मुख्यतः कापसासाठीच. लोक त्या गाडीला प्रेमाने 'शकुंतला' म्हणत. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. आता ती थांबली आहे.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. ज्या तंत्राने चरखा बंद पाडला, त्याच तंत्राने येथे हजारो हातांना काम दिले. परंतु तंत्र थांबून राहत नाही. नवी यंत्रे आणि नवे धागे आले, यंत्रमाग आले, जुन्या गिरण्या मागे पडत गेल्या. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली.

जुने मोडून नवे उभे राहण्याच्या या क्रियेला अर्थशास्त्रज्ञ शुम्पीटर याने १९४२ साली 'सर्जनशील विनाश' असे नाव दिले. २०२५ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक जोएल मोकिर, फिलिप अजियाँ आणि पीटर हॉविट यांना मिळाले, ते नव्या शोधांमुळे राष्ट्रांची आर्थिक वाढ कशी होते, याचा उलगडा केल्याबद्दल. अजियाँ आणि हॉविट यांनी तर या सर्जनशील विनाशाचेच गणित मांडले आहे. या जोडशब्दातला पहिला शब्द राष्ट्राच्या वाट्याला येतो आणि दुसरा पुष्कळदा एखाद्याच वस्तीच्या वाट्याला, हे मात्र आपण विसरू नये.

बियाण्यात दडलेले यंत्र

एम्प्रेस मिल बंद झाली त्याच २००२ साली, मार्च महिन्यात, आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बियाणेसुद्धा एक प्रकारचे यंत्रच असते. फक्त त्याची चक्रे डोळ्यांना दिसत नाहीत.

या कथेचा आरंभ १९७० मध्ये होतो. सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी 'हायब्रिड ४' हे कापसाचे वाण तयार केले. व्यापारी लागवडीसाठीचे हे जगातले पहिले संकरित कापूस वाण. उत्पन्न वाढले. पण संकरित पिकाची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर तेच गुण उतरत नाहीत. घरची सरकी पेरणारा शेतकरी दरवर्षी बियाणे विकत घेऊ लागला.

बीटी वाणाची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. बॅसिलस थुरिन्जिएन्सिस नावाचा एक जीवाणू मातीत असतो. तो तयार करीत असलेले प्रथिन बोंडअळीच्या पोटात गेले, की तेथल्या अल्कधर्मी रसात विरघळते आणि तिच्या आतड्याला छिद्रे पाडते. हे प्रथिन बनवणारे जनुक शास्त्रज्ञांनी कापसाच्या झाडात घातले. अळीने पान कुरतडले की ती मरते. फवारणीची गरजच कमी.

जमा पाहा. २००१-०२ मध्ये देशात सुमारे १५८ लाख गाठी रुई झाली होती. २०१३-१४ मध्ये ती ३९८ लाख गाठींवर गेली. हेक्टरी उत्पन्न सुमारे ३०८ किलोंवरून ५६६ किलोंवर गेले. कापूस आयात करणारा देश मोठा निर्यातदार झाला. योनास काटहागे आणि मतीन कैम यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या शेतकऱ्यांचा २००२ ते २००८ या काळात अभ्यास केला. बीटीमुळे एकरी उत्पन्न २४ टक्क्यांनी आणि नफा ५० टक्क्यांनी वाढला, असे त्यांना आढळले.

आता खर्च पाहा. अळ्यांच्या कोट्यवधी संख्येत एखादी अशी असते, की तिला ते प्रथिन बाधत नाही. इतर सगळ्या मेल्या, की तिच्या वंशाला रान मोकळे होते. यावर उपाय शास्त्रज्ञांनी आधीच सांगितला होता. शेताच्या कडेला थोडे साधे कापसाचे झाड लावा. तेथे जगलेल्या साध्या पतंगांशी त्या प्रतिकारक्षम पतंगांचा संयोग होईल आणि पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडेल. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधे बियाणे मिळे. परंतु दोन-चार एकरांचा धनी आपल्या शेताचा तुकडा अळ्यांना का देईल? फार थोड्यांनी ते पेरले. त्यातच फरदड ठेवण्याची चाल. पऱ्हाटी उन्हाळ्यापर्यंत उभी, म्हणून अळीला अन्नही उभे! २०१० पर्यंत गुजरातेत गुलाबी बोंडअळीने पहिल्या जनुकाला दाद देणे सोडले होते. २००६ मध्ये आलेल्या दोन जनुकांच्या वाणालाही तिने पुढच्या काही वर्षांत निष्प्रभ केले.

फवारणी परत आली. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती आणि हवा दमट होती. अंग झाकणारे कपडे नाहीत, कित्येकदा दोन-तीन औषधे एकत्र मिसळलेली. विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. तो महिना आम्ही कोणी विसरलेलो नाही.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि ग्लेन डेव्हिस स्टोन यांनी २०२० मध्ये वीस वर्षांचा आढावा घेतला. शेतकरी कीटकनाशकांवर आता बीटीपूर्व काळापेक्षाही जास्त खर्च करतो, असे त्यांनी दाखवले. उत्पन्नवाढीचे बरेचसे श्रेय त्यांनी खतांना आणि इतर कारणांना दिले. मग आधीचा अभ्यास खोटा का? नव्हे. तो २००८ पर्यंतचा होता. जमाखर्च कोणत्या तारखेला मांडला, यावर उत्तर बदलते. नफा पहिल्या काही वर्षांत जमा होतो आणि देणे मागाहून येते.

राष्ट्राची वही आणि घराची वही

येथे एक गंमत लक्षात घ्या.   राष्ट्रीय उत्पन्न मोजताना विषबाधा झालेल्या माणसाने दवाखान्यात भरलेले बिलसुद्धा जमेतच येते! राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत घडवणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये इशारा दिला होता, की या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधणे कठीण आहे.

एक काल्पनिक गाव घेऊ. घरे शंभर. नव्या यंत्रामुळे प्रत्येक घराचे महिन्याला १० रुपये वाचले. एकूण लाभ १,००० रुपये. पण त्यातल्या दोन घरांचे काम गेले आणि प्रत्येकाचे ३०० रुपये बुडाले. एकूण तोटा ६०० रुपये. गावाच्या वहीत ४०० रुपये नफा. गणित अगदी बरोबर आहे! त्या दोन घरांचा तोटा भरून काढला तरी गावाकडे ४०० रुपये उरतात. म्हणजे भरपाई शक्य आहे. पण ती आपोआप होत नाही, यंत्र ती करीत नाही. ती गावाने करायची असते. न केल्यास अठ्ठ्याण्णव घरांचा थोडा थोडा आनंद आणि दोन घरांची उपासमार, असा तो नफा होतो.

वेचणीचे यंत्र आणि दोन अटी

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. जॉन रस्ट हा अमेरिकन संशोधक कापूस वेचण्याचे यंत्र करीत होता. टोकदार चात्यांना रुई गुंडाळली जाई, पण सुटत नसे. एके रात्री त्याला आठवले, की आजी सूत कातताना चरख्याची चाती ओली करी. त्याने गुळगुळीत चाती ओली करून पाहिली. रुई चिकटली आणि सहज सुटलीही. १९३६ मध्ये त्याने यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक केले. रस्ट स्वतः शेतमजुरीतून वर आलेला होता. हजारो मजुरांचे काम जाईल, ही धास्ती त्यालाच पडली. जो मालक मजुरांना किमान वेतन देईल आणि मुलांना कामाला लावणार नाही, त्यालाच यंत्र भाड्याने द्यावे, असा त्याचा विचार होता. तो तडीस गेला नाही. १९७० च्या सुमारास अमेरिकेतला जवळजवळ सगळा कापूस यंत्रे वेचू लागली. लाखो कृष्णवर्णीय मजूर दक्षिण सोडून उत्तरेच्या शहरांत गेले, त्यामागच्या कारणांपैकी हे यंत्र एक होते.

दुसरी अट आपल्याकडची आहे. १९२९ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी वाचण्यासारख्या होत्या. चरखा वजनाला हलका असावा, बाईला घरी आठ तास फारसे न थकता चालवता यावा, आठ तासांत त्यावर सोळा हजार फूट सूत निघावे, किंमत १५० रुपयांच्या आत असावी आणि दुरुस्ती करीत तो वीस वर्षे टिकावा. हे बक्षीस कोणालाच मिळाले नाही. अटी कठीण होत्या आणि गिरणीशी स्पर्धा त्याहून कठीण. पण एक गोष्ट पाहा. यंत्र कोण चालवील, त्याला परवडेल का, त्याच्या अंगाला झेपेल का, हे प्रश्न यंत्र बनवण्याआधी विचारले गेले. खर्चाची बाजू आराखड्यातच लिहिली गेली.

गांधीजी पुढे १९३६ पासून जेथे राहिले, ते सेवाग्राम वर्ध्याजवळच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा ते कळंब रेल्वे सुरू झाली, म्हणजे ते आता आपल्याला आणखी जवळ आले.

आमच्या भागातली वेचणी अजून हातांनीच होते आणि वेचणाऱ्या बहुतेक बायाच असतात. पण बुटकी झाडे दाट पेरण्याचे सघन लागवडीचे प्रयोग चालू आहेत आणि अशा पिकात यंत्र चालवणे सोपे जाते. यंत्र आज ना उद्या येईल. मग त्या मुलाला मी काय सांगितले? मी म्हणालो, "बाळा, यंत्र आले तर तुझ्या आईचे वाकणे वाचेल, हे खरे. तिची मजुरी जाईल, हेही खरे. तेव्हा ते येण्याआधी आपण अटी लिहू. यंत्र कोणाच्या मालकीचे? बायांच्या गटाचे होऊ शकेल का? वाचलेल्या पैशातला कोणता वाटा तिला मिळेल? जिनिंगमध्ये, सूतगिरणीत तिला दुसरे काम शिकवायला किती दिवस लागतील, आणि तेवढे दिवस तिची चूल कशी पेटेल?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मायलेच इचारतो." या उत्तराने मला फार बरे वाटले. यंत्राच्या अटी लिहिताना तिलाच विचारले पाहिजे, हे त्याच्या ध्यानात आले होते.

करून पाहा

१) १०० ग्रॅम कापसाची सरकी हाताने काढा. किती वेळ लागला? रुई आणि सरकी वेगवेगळी तोला. रुईचा उतारा टक्क्यांत काढा.

२) तुमच्या गावात गेल्या वीस वर्षांत आलेले एखादे यंत्र निवडा. पिठाची गिरणी, मळणीयंत्र, फवारणीचा पंप, काहीही चालेल. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च लिहा. प्रत्येक ओळीपुढे कोणाची जमा आणि कोणाचा खर्च, हे लिहायला विसरू नका.

३) घरी वेचणीला जाणारे कोणी असेल तर त्यांना विचारा, की यंत्र आले तर त्यांची अट कोणती असेल. मिळालेली उत्तरे वर्गात मोठ्याने वाचा आणि शिक्षकांच्या मदतीने त्यांची एक यादी करा.